अडीच किलोचा डोळा

पेटी रिकामी होती.

साधीसुधी पेटी नव्हे ती! ॲल्युमिनियमची, दोन कुलपांची, आत काळा स्पंज आणि स्पंजात मोठ्या नारळाएवढा गोल खड्डा. त्या खड्ड्यात जे बसायला हवं होतं, ते नव्हतं. दोन्ही कुलपं तुटून जमिनीवर पडली होती.

आणि हे सगळं नेमकं पोळ्याच्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता, पुरणाच्या वासाने अख्खं पिंपळगाव रेणुकाई भुकेलं झालेलं असताना!

हवालदार चतुराबाई सकाळपासून गावात बंदोबस्ताला होत्या. पोळा आला की मिरवणुकीत कोणाचा बैल पुढे यावरून काठ्या निघतात, म्हणून भोकरदनहून दरवर्षी एक पोलीस येतोच. यंदा, दोन हजार चार साली, चतुराबाई आल्या. निवृत्तीला तीन वर्षं, खाकी साडी, माहेर हसनाबादचं, आणि आवाज असा की उधळलेला गोऱ्हाही जागेवर उभा राहावा.

सकाळी सात वाजता त्या पाझर तलावाच्या बांधावर होत्या. सगळं गाव तिथंच लोटलं होतं. बैल पाण्यात, माणसं पाण्यात, पोरं तर पाण्याच्या वर कमी आणि खाली जास्त. अंगावर शिंतोडे उडाले म्हणून दोन भांडणं पेटली, दोन्ही चतुराबाईंनी नुसते डोळे वटारून विझवली. तेवढ्यात डोक्यावरून घूं घूं करत माळावरच्या लष्करी तंबूतलं ते बिनमाणसाचं विमान गेलं. पोटाखाली काळं गाठोडं. पोरांनी पाण्यातून हात हलवले. उलट हात हलवायला विमानात कोणी नव्हतंच, पण पोरांना काय त्याचं!

दुपारी सरपंचाच्या ओसरीवर त्या जेवायला बसणार, तोच फोन वाजला. पलीकडे फौजदार बद्रीनाथ.

"बाई, माळावर पोचा. जल्दी. लष्कराचा कॅमेरा चोरीला गेलाय."

"कोणी नेला, साहेब?"

"कोणी म्हणजे? राखणीला कोण होतं?"

चतुराबाईंचा हात पोळीवरच राहिला. राखणीला भिवा होता. आणि दीड महिन्यापूर्वी माळावरच्या तंबूवाल्यांनी भोकरदनच्या ठाण्यात येऊन राखणदार कोण ठेवावा असं विचारलं, तेव्हा "भिवा ठेवा, माणूस बिलकुल सरळ, शब्द माझा," असं सांगणाऱ्या चतुराबाईच होत्या.

त्यांनी पानातल्या दोन पोळ्या रुमालात बांधल्या आणि माळाची वाट धरली.

माळावर मुरमाची एक धावपट्टी, एक हिरवा तंबू आणि तंबूत ते विमान. माणूस आडवा झोपला तर दोन्ही बाजूंनी पंख उरतील एवढंच. बाकीची टोळी उद्या यायची होती. तोवर इथं दोघंच: इंजिनिअर संपत साहेब आणि राखणदार भिवा. भिवा कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता. साठीचा माणूस, उजवा खांदा एकदा बैलगाडीवरून पडून कायमचा खाली आलेला.

"आधी सही करा," संपत साहेब म्हणाले. चाळिशीचे, चष्मा, दाढी वाढलेली, डोळे लाल. "इथं जे दिसेल, जे ऐकाल, ते या तंबूच्या बाहेर कोणापाशीही बोलायचं नाही. इथं येणारा प्रत्येक जण सही करतो. भिवानेही केलीय."

कागद उडू नये म्हणून वर दोन किलोचं लोखंडी वजन ठेवलेलं. चतुराबाईंनी ते उचललं, सही केली आणि बोटं चोळली. बोटांना काळं चिकट काहीतरी लागलं होतं.

"आता सांगा साहेब. गेलं ते नेमकं काय?"

"कॅमेरा. उष्णता टिपणारा. त्याला उजेड लागत नाही. गरम ते पांढरं दिसतं, गार ते काळं. सीमेवर झाडीत लपलेला माणूस तो वरून शोधतो. विमानाचा डोळाच म्हणा."

"वजन किती?"

"अडीच किलो. जुना चार किलोचा होता. तो हलका करून नव्या ब्रॅकेटवर बसवायचा, हेच माझं तीन वर्षांचं काम. ब्रॅकेट, म्हणजे कॅमेरा पोटाशी धरणारी पकड, माझ्या स्वतःच्या आखणीचं. उद्या लष्कराचे साहेब बघणार होते."

"शेवटचा कधी पाह्यला?"

"आज सकाळी. सातला विमान उडवलं, पावणेआठला उतरवलं, कॅमेरा काढून पेटीत ठेवला आणि कुलपं लावली. मग शाळेच्या खोलीवर जाऊन झोपलो. बाराला आलो तर हे."

"सकाळी कॅमेरा बराबर चालू व्हता?"

"व्यवस्थित. कॅसेट आहे ना."

"सणाला घरी न्हाई गेले?"

साहेब थकून हसले. "आमच्या सांगलीकडे पोळा नसतो, बाई. बेंदूर असतो, आषाढात. तो होऊन दोन-अडीच महिने झाले."

एवढ्यात फौजदार बद्रीनाथांची जीप आली. तरुण, तडफदार, आणि कुठलाही गुन्हा सूर्य मावळायच्या आत मिटला पाहिजे असं मानणारे. आल्या आल्या त्यांनीही सही केली, आणि साहेबांनी लहानशा टीव्हीवर कॅसेट लावली.

बाई गं, काय ते चित्र! जग जणू राखेत बुडवून काढलेलं. काळी शेतं, करडे बांध. तळं मात्र पांढरंशुभ्र, कारण सकाळी पाणी जमिनीपेक्षा ऊबदार असतं, असं साहेबांनी सांगितलं. तळ्याचा काठ सुरीने कापल्यासारखा स्वच्छ. मग कपाशीचं शेत आलं. ओळींमधून दोन पांढरे बैल कोळपं ओढत चाललेले, त्यांच्यामागे एक पांढरा माणूस. बैलांचे श्वाससुद्धा धुरासारखे दिसत होते! कोपऱ्यात आजची तारीख आणि वेळ, सात वाजून बारा मिनिटं.

"वा!" बद्रीनाथ म्हणाले. "माणूसच काय, शिंगंसुद्धा मोजून घ्या. म्हणजे सात वाजता कॅमेरा होता, आठला पेटीत गेला, बाराला नाही. या चार तासांत इथं कोण होतं? एकटा भिवा."

चतुराबाईंच्या मनात काहीतरी टोचलं. जेवताना दाताखाली बारीक खडा यावा तसं. पण खडा कुठला, ते कळेना. चित्र सरकून गेलं होतं आणि फौजदारांचा तोंडाचा पट्टा सुरू होता.

इतक्यात बाहेर आरडाओरडा. किराणा दुकानवाला कचरू तावातावाने तंबूत शिरू पाहत होता.

"साहेब, माझी वजनं द्या! दोन किलोचं अन् अर्ध्या किलोचं! घंटाभरासाठी म्हणून नेली, आज तिसरा दिवस. आज सणाचं गिऱ्हाईक, लोक अडीच किलो गूळ मागून राह्यले, मी काय हातानं जोखू?"

"कागद उडू नयेत म्हणून घेतली होती," संपत साहेब घाईने म्हणाले.

"कागदाला दगड चालला नसता का? माळावर दगडांचा दुष्काळ पडला व्हय?"

"ए, निघ इथून!" बद्रीनाथ गरजले. "पंचनामा चाललाय. तुझी वजनं उद्या."

कचरू पुटपुटत गेला. चतुराबाई भिवासमोर जाऊन बसल्या.

"भिवाभाऊ, तंबूत कोण आल्तं?"

"कोणी न्हाई, बाई. साहेब गेले, साहेब आले."

"तुम्ही उठून कुठं गेल्ते?"

"पाणी प्यायलासुद्धा न्हाई. पोरीनं बैलं नेली तळ्यावर. मी हितंच."

"आज न्हाई तर काल, परवा. काही येगळं दिसलं?"

भिवाचं तोंड उघडलं. त्याने तंबूकडे पाहिलं, टेबलावरच्या त्या कागदाकडे पाहिलं, आणि तोंड पुन्हा मिटलं.

"मी सही केलीया, बाई."

"म्हंजे?"

"सही केलीया. बोलता यायचं न्हाई."

"बघा!" बद्रीनाथ पुढे आले. "काहीतरी लपवतोय. बाई, तुम्ही याच्या घराची झडती घ्या. पोरगी एकटीच आहे. याच्याशी मी बोलतो."

फौजदार कसं बोलतात ते चतुराबाईंना ठाऊक होतं. "साहेब, म्हातारा माणूस हाये. खांद्यातून गेलेला हाये," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच ना त्याला इथं लावलं?" बद्रीनाथांनी थंडपणे विचारलं. "मग जरा गप्प राहा. कर्नल साहेब पाच वाजता औरंगाबादहून पोचताहेत. त्यांच्या हातात मला माल द्यायचाय. आणि हा साधा चोरीचा गुन्हा नाही, लष्करी गुपिताचा आहे. आत गेला की वर्ष-दोन वर्षं जामीनसुद्धा व्हायचा नाही."

वर्ष-दोन वर्षं! भिवाचा खांदा तिथं दोन हिवाळे काढणार नव्हता. चतुराबाई उन्हात निघाल्या तेव्हा त्यांना स्वतःचा शब्द पाठीवर धोंड्यासारखा लागत होता.

भिवाचं घर वस्तीच्या टोकाला. दारात त्याची दहावीतली सत्यशीला, हातात रंगाचा डबा. दावणीला दोन बैल, चांद्या आणि बांड्या. न्हाऊन चकचकीत झालेले, पण चांद्याचं एकच शिंग रंगलेलं. दुसऱ्या शिंगापर्यंत पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

छप्पन सालच्या दीक्षेपासून भिवाच्या घरी देवपूजा बंद होऊन पन्नास वर्षं होत आली होती. बैलांना अंघोळ आणि गोड घास मात्र एकाही पोळ्याला चुकला नव्हता.

"बाई, बापूला सोडतील ना?" सत्यशीलाने विचारलं.

चतुराबाई आत शिरल्या. झडती कसली, घरात दोन कोठ्या आणि एक दप्तर. त्या गोठ्यात आल्या, रुमाल सोडला आणि एक पोळी चांद्यापुढे धरली. सहज त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काल खांदेमळणीला लावलेलं तूप-हळद अजून ओलं होतं. जू भिंतीला टेकवलेलं.

चतुराबाई जागच्या जागी थबकल्या.

डाव्या हाताला पिवळी हळद. उजव्या हाताच्या बोटांवर तो तंबूतल्या वजनाचा काळा चिकटा. त्यांनी दोन्ही हात समोर धरून पाहिले. दाताखालचा खडा सापडला होता!

चांद्याने तेवढ्यात दुसरी पोळीही ओढून घेतली.

"पोरी," त्या म्हणाल्या, "शिंग रंगव. मी येते."

त्या धावत माळाकडे निघाल्या. पण तळ्यापाशीच गर्दी दिसली.

बद्रीनाथांचं बोलणं संपलं होतं. भिवाचा ओठ फुटला होता, आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला होता: "तळ्यात." आता दोन पोरं छातीभर पाण्यात उभी होती आणि बांधावरून भिवा बोटाने दाखवत होता. आणखी पुढं. डावीकडं. हां, तिथंच.

एका पोराने बुडी मारली. वर आला तेव्हा त्याच्या हातात चिखलाने माखलेला काळा गोळा होता.

गाव बांधावर दाटलं होतं. कोणीतरी म्हणालं, "अरे रे, खरंच भिवानं?" आणि तो प्रश्न तोंडोतोंडी पसरत, मागच्या रांगेपर्यंत पोचता पोचता प्रश्न राहिला नाही.

बद्रीनाथांनी पंचांच्या सह्या घेतल्या आणि वायरलेसवरून जालन्याला कळवलं. आरोपीने दाखवलेल्या जागी माल हस्तगत.

"साहेब, थांबा," चतुराबाई धापा टाकत म्हणाल्या. "त्यानं न्हाई नेला."

"बाई, त्यानेच जागा दाखवली. बोट ठेवून. आता आणखी काय पाहिजे?"

"दहा मिनिटं. कर्नल साहेबांसमोर. मंग माझी वर्दी उतरवा."

कर्नल साहेब बरोबर पाचला आले. पांढऱ्या मिशा, कमी बोलणं. त्यांनीही सही केली, गोळा हातात घेऊन फिरवला, चतुराबाईंकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली. "बोला."

तंबूत पाच जण होते. कर्नल, फौजदार, संपत साहेब, चतुराबाई आणि कोपऱ्यात बेडी घालून उभा केलेला भिवा.

"साहेब, आधी ती कॅसेट लावा," चतुराबाई म्हणाल्या.

पुन्हा ती राखेतली शेतं. पांढरं तळं. कपाशी. बैल.

"थांबवा! इथं. हे काय दिसून राह्यलं?"

"कोळपणी चाललीय," कर्नल म्हणाले.

"आज काय हाये, साहेब?"

कर्नल कोपऱ्यातली तारीख वाचू लागले. बद्रीनाथांनी मात्र चमकून मान वर केली. तेही याच मातीतले.

"आज पोळा," चतुराबाई म्हणाल्या. "काल खांदेमळणी. काल सांजेला खांद्याला तूप लागलं की आजचा अख्खा दिवस बैलाच्या मानेवर जू चढत न्हाई. या मुलखात मुसलमानाचा बैलसुद्धा आज मोकळा असतो. मंग हा कोण वेडा सकाळी सात वाजता कोळपं हाणून राह्यला? अन् हे तळं बघा. काठावर चिटपाखरू न्हाई. आज सातला मी स्वतः तिथं उभी व्हते. शंभर बैल अन् दोनशे माणसं! गरम ते पांढरं दिसतं ना साहेब? मंग ते सगळे कुठं गेले?"

कर्नल पडद्याजवळ वाकले.

"ही कॅसेट आजची न्हाई. कोपऱ्यातली तारीख मशीन टाकतं, अन् मशीनला तारीख माणूस सांगतो. संपत साहेबांनी जुन्यातली सगळ्यात चांगली कॅसेट निवडली. बैल झकास दिसतात, म्हणून निवडली! यांच्याकडं बेंदूर असतो, तो झाला आषाढात. बैल मोकळा ठेवायचा दिवस यांच्या डोक्यातून कधीच निघून गेल्ता."

"पण विमान उडालं होतं ना?" बद्रीनाथ म्हणाले. "गावाने पाहिलं. पोटाखाली कॅमेरा होता."

"पोटाखाली काळं गाठोडं व्हतं." चतुराबाईंनी टेबलावरचं दोन किलोचं वजन उचललं. "हे बघा, काळ्या चिकटपट्टीचा चिकटा. कागदावर ठेवायच्या वजनाला चिकटपट्टी कशाला लागते? कॅमेरा अडीच किलोचा. कचरूकडून नेलेली वजनं दोन अन् अर्धा. पोट रिकामं ठेवून विमान नीट उडत नसंल, अन् उडालं तरी लोकांना दिसलं असतं. म्हणून कचरूची वजनं बांधून उडवलं. अन् ती नेली तीन दिवसांपूर्वी. म्हंजे तीन दिवसांपूर्वीच कॅमेरा व्हता कुठं?"

"मग तळ्यातली जागा भिवाला कशी माहीत?" बद्रीनाथांचा आवाज आता बसला होता.

"ते त्यालाच विचारू." चतुराबाई भिवाकडे वळल्या. "भिवाभाऊ, इथं उभ्या असलेल्या सगळ्यांनी त्या कागदावर सही केलीया. बराबर? मंग या तंबूच्या आत बोलायला तुम्हाला हरकत न्हाई. बोला."

भिवाने एकेकाकडे पाहिलं. हिशेब बरोबर होता. त्याने फुटका ओठ पुसला.

"तीन दिस झाले. साहेबानं इमान उडवलं. तळ्यावर गेलं, अन् त्याच्या पोटातून काहीतरी सुटलं. धपकन पाण्यात. मी पळत येऊन साहेबाला सांगितलं. साहेब म्हणले, सही केली ना? मंग कोणापाशी बोलायचं न्हाई. मी न्हाई बोललो." तो थांबला. "फौजदार साहेबानं मारलं तरी न्हाई बोललो. मंग लई झालं, तवा नुसती जागा सांगितली."

बद्रीनाथांनी नजर खाली वळवली.

"आता हा गोळा बघा," चतुराबाई म्हणाल्या. "चोर असता तर स्क्रू काढले असते. हितं अर्धं ब्रॅकेट अजून चिकटून हाये, मधनं तडकलेलं, वायरी ओढून तुटलेल्या. हे कोणी काढलं न्हाई. उडता उडता तुटलं. अन् काठापासून चाळीस पावलांवर अडीच किलोचा गोळा फेकायचा, तो या खांद्यानं? अन् सगळं गाव काठावर असताना, कोणी न बघता?"

त्या संपत साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ब्रॅकेट तुमचं व्हतं, साहेब. ते मोडलं. पडताना बघणारा एकच माणूस. बोलणार न्हाई हे तुम्हाला ठाऊक, पण कधी बोललाच तर? म्हणून चोर ठरवायला तोच माणूस निवडला. चोराचं बोलणं कोण मानतंय? कुलपं तुम्हीच तोडली."

संपत साहेबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एखाद्या नापास मुलासारखा दिसत होता.

"थरथरीची चाचणी राहिली होती," ते म्हणाले. "इंजिनाच्या थरथरीत ते टिकतं का, ते वीस तास बघायचं असतं. मी चार तास बघितलं आणि वीस लिहिले. तारीख जवळ आली होती." ते भिवाकडे पाहू शकले नाहीत. "माझे वडीलसुद्धा नांगर धरायचे, बाई. बैल कॅसेटवर दिसले तेव्हा मला छान वाटलं. एवढंच वाटलं."

 पडद्यावर ते दोन पांढरे बैल थांबलेलेच.

 चतुराबाईंनी जिंकलं होतं! भिवाच्या बेडीकडे त्यांचा हात गेलाही.

"हवालदार बाई," कर्नल म्हणाले, "तुमचं प्रत्येक अक्षर खरं आहे." त्यांनी कॅसेट काढून खिशात ठेवली. गोळा आणि मोडकं ब्रॅकेट पेटीत ठेवलं. "संपत, तुम्ही माझ्यासोबत चला. तुमची चौकशी आम्ही करू. आमच्या पद्धतीने."

"अन् भिवाभाऊ?"

"संपतच्या वीस तासांच्या कागदावर विसंबून हे ब्रॅकेट याच महिन्यात आणखी सहा विमानांवर बसलंय. ते मोडतं, हे मी कोर्टात जाऊ देऊ शकत नाही. कॅसेट नाही, ब्रॅकेट नाही, संपतचा जबाबही नाही. हा तंबू गुपितात येतो. तुम्ही सही केलीय." ते उठले. दारात क्षणभर थांबले. "मी वर लिहीन. त्या माणसाबद्दल. वाचायला वेळ लागेल."

"किती वेळ, साहेब?"

ते जीपमध्ये बसले. दोन जीप धूळ उडवत गेल्या.

राहिले तिघं. बद्रीनाथ टोपी हातात फिरवत उभे होते.

"साहेब, तुम्ही ऐकलं ना सगळं," चतुराबाई म्हणाल्या. "सोडा त्याला."

"कशाच्या जोरावर सोडू? जालन्याला कळवून झालंय. पंचांच्या सह्या झाल्यात. त्याने जागा दाखवली, माल निघाला. कागदावर एवढंच आहे." त्यांचा आवाज पहिल्यांदा लहान झाला. "आणि त्याच्या ओठाचं मी काय सांगू?"

जालन्याला न्यायाधीशांच्या बंगल्यावर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सणाची सुट्टी, म्हणून बंगल्याच्या व्हरांड्यातच टेबल. जीपमध्ये चतुराबाई सगळी वाट भिवाला सांगत आल्या होत्या: बोला, सगळं बोला, तो कागद चुलीत गेला समजा.

"मारहाण झाली का?" न्यायाधीशांनी विचारलं.

भिवाने बद्रीनाथांकडे पाहिलं. "न्हाई."

"काही सांगायचंय?"

भिवाने चतुराबाईंकडे पाहिलं, व्हरांड्यात कोण कोण आहे ते पाहिलं. शिपाई होता. कारकून होता. यांनी कुठं सही केली होती?

"न्हाई, साहेब."

चतुराबाई पुढे झाल्या. हातात काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं औरंगाबादच्या रस्त्याला लागलं होतं. उरला होता एकच प्रश्न.

"साहेब, पोळ्याच्या दिवशी बैल कोण जुंपतं?"

न्यायाधीशांनी मान वर केली. "कोणीच नाही. का?"

"कारण त्या माळावर..."

"साहेब, तो भाग गुप्त आहे," बद्रीनाथ म्हणाले आणि कर्नल साहेबांनी दिलेला मोहोरबंद लिफाफा टेबलावर ठेवला. ते चतुराबाईंकडे न पाहता म्हणाले, "बाई सकाळपासून उपाशी आहेत."

न्यायाधीशांनी लिफाफा फोडला, आतला कागद वाचला, त्याची घडी घातली. पेन क्षणभर कागदावर थांबलं. चतुराबाईंना वाटलं, विचारतील. आता विचारतील.

पेन चाललं. चौदा दिवस कोठडी.

रस्त्यावरून कुठल्यातरी वाड्यातले बैल मिरवणुकीहून परतत होते, घुंगरांचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. भिवा गाडीत चढता चढता थांबला.

"बाई, बैलाला गोड घास मिळाला का?"

"दोन पोळ्या नेल्त्या. दोन्ही चांद्यानंच खाल्ल्या."

"बांड्याला?"

चतुराबाईंनी रुमाल झटकून पाहिला. त्यात काही नव्हतं.

"बांड्या राह्यला," त्या म्हणाल्या.

भिवाने मान हलवली, आणि शिपायाने दार लावलं.